रानात चरलेल्या बोकडाचे मटण: रक्तासाठी, ताकदीसाठी किती उपयोगी?

नंदुरबार जिल्ह्यात ‘फार्मचे’ आणि ‘गावठी’ हा फरक घराघरांत ठाऊक आहे. एकीकडे नवापूर परिसरातील पोल्ट्रीची कोंबडी आणि दुसरीकडे अंगणात फिरणारी गावठी कोंबडी किंवा धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात पाल्यावर वाढलेला बोकड. घरात कोणी बाळंत झाले, कोणाला अशक्तपणा आला किंवा तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघाले की ‘रानातल्या बोकडाचे मटण द्या, रक्त वाढेल’ हा सल्ला हमखास मिळतो. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायलाही कुटुंबे तयार असतात.

या सल्ल्यात तथ्य किती आहे? मोकळ्या रानात चरलेल्या जनावराच्या मांसात खरोखर काही वेगळे असते का? सिकलसेलच्या रुग्णाला, गरोदर बाईला, लहान मुलाला ते किती द्यावे? या प्रश्नांची उत्तरे या लेखात दिली आहेत.

थोडक्यात

- मटणातून चांगल्या दर्जाची प्रथिने, सहज शोषले जाणारे लोह, जस्त आणि जीवनसत्त्व बी-१२ मिळते. जनावर रानात चरलेले असो वा गोठ्यात वाढलेले, या घटकांत फारसा फरक पडत नाही.
- चाऱ्यामुळे मुख्यतः चरबीचा प्रकार थोडा बदलतो. तो फायदा खरा असला तरी छोटा आहे.
- रक्तक्षय झाला असेल तर मटण पूरक आहार म्हणून चांगले. ते लोहाच्या गोळ्यांची जागा घेऊ शकत नाही.
- सिकलसेलच्या रुग्णाने मटण खावे, पण रक्त वाढवण्यासाठी रोज कलेजी किंवा मनाने लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत.
- ‘रानातले’ म्हणजे निर्जंतुक नव्हे. मांस पूर्ण शिजवणे सर्वांसाठीच आवश्यक आहे.

‘गवतावर वाढलेले’ म्हणजे नेमके काय?

परदेशांत गाई-बैलांना शेवटचे काही महिने मका आणि धान्य खाऊ घालून लठ्ठ करण्याची पद्धत आहे. त्याला पर्याय म्हणून तिथे कुरणात गवतावर वाढवलेल्या गुरांचे मांस वेगळ्या नावाने आणि जास्त किमतीला विकले जाते. मोबाइलवर दिसणारी ‘गवतावर वाढलेल्या मांसाचे फायदे’ अशी बहुतेक माहिती त्या मांसाबद्दल असते. महाराष्ट्रात गोहत्येवर १९७६ च्या कायद्यापासून बंदी आहे आणि २०१५ पासून बैल व वळूंच्या कत्तलीवरही बंदी लागू झाली. त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न प्रामुख्याने शेळी-बोकडाच्या मटणाबद्दल उरतो.

शेळी हे खरे तर गवतापेक्षा पाला जास्त आवडीने खाणारे जनावर आहे. बोर, बाभूळ, अंजन, सुबाभूळ यांचा पाला आणि शेंगा ती खाते. सातपुड्याच्या पाड्यांवर दोन-चार शेळ्या असलेली कितीतरी घरे आहेत. त्यांना विकतचे खाद्य क्वचितच मिळते. म्हणजे परदेशात ज्यासाठी वेगळे लेबल लावावे लागते, ते इथे रोजचे आहे. मात्र चारा ऋतूप्रमाणे बदलतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही महिने हिरवा पाला भरपूर असतो, तर उन्हाळ्यात सुकलेला पाला आणि शेंगांवर भागवावे लागते. त्यामुळे एकाच शिवारातल्या बोकडाचे मटणही वर्षभर सारखे नसते.

चाऱ्यामुळे मटणात काय बदलते?

हिरव्या चाऱ्यावर वाढलेल्या जनावराच्या चरबीत ओमेगा-३ प्रकारची स्निग्धाम्ले आणि जीवनसत्त्व ई थोडे जास्त असते. खूप हिंडणाऱ्या जनावराच्या अंगावर एकूण चरबीही कमी असते. हृदयासाठी हे चांगलेच आहे.

पण प्रमाण लक्षात घ्यायला हवे. अशा शंभर ग्रॅम मांसातून मिळणारे ओमेगा-३ काही दहा मिलिग्रॅमांच्या घरात असते. बांगडा किंवा तारली यांसारख्या तेलकट समुद्री माशांत ते याच्या कित्येक पट असते. वनस्पतीजन्य ओमेगा-३ हवे असेल तर जवसाच्या चटणीच्या एका चमच्यातही ते मटणाच्या मोठ्या वाटीपेक्षा जास्त मिळते. केवळ यासाठी महाग मटण घेण्याची गरज नाही.

काय बदलत नाही?

शंभर ग्रॅम कच्च्या, बिनचरबीच्या शेळीच्या मटणात साधारण २० ग्रॅम प्रथिने, ३ मिलिग्रॅमच्या आसपास लोह, ४ मिलिग्रॅमच्या आसपास जस्त आणि प्रौढ व्यक्तीच्या दिवसाच्या गरजेच्या जवळपास निम्मे बी-१२ असते. आजारी माणसाला मटण देण्यामागचे खरे कारण हे घटक आहेत आणि ते चाऱ्यावर फारसे अवलंबून नसतात. रानातल्या बोकडाचे मटण परवडत नाही म्हणून मुलाला काहीच न देण्यापेक्षा बाजारातले साधे मटण, पोल्ट्रीची कोंबडी किंवा अंडी देणे केव्हाही चांगले.

मटणाने रक्त वाढते का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील सुमारे ६९ टक्के मुले रक्तक्षयग्रस्त आहेत. म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

मटणातील लोहाचा मोठा भाग शरीर सहज शोषून घेते. भाकरी, डाळ आणि पालेभाजीतील लोह तितक्या सहज शोषले जात नाही. मटणाचा आणखी एक उपयोग आहे: त्याच जेवणातल्या भाकरी-भाजीतील लोहही त्यामुळे जास्त शोषले जाते. म्हणून मटणाचे चार तुकडे ज्वारीच्या भाकरीसोबत आणि लिंबू पिळून खाल्ले तर पूर्ण ताटाचा फायदा वाढतो. जेवणासोबत किंवा जेवण झाल्या झाल्या घेतलेला चहा हा फायदा कमी करतो. चहा तास-दोन तासांनी घ्यावा.

पण रक्तक्षय एकदा झाल्यावर हिशेब बदलतो. सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रीला मिळणाऱ्या एका लोहाच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते, शंभर ग्रॅम मटणात ३ मिलिग्रॅमच्या आसपास. मटणातले लोह चांगले शोषले जाते हे धरूनही ही तूट आठवड्यातून एकदा केलेल्या मटणाने भरून निघत नाही. मटणावर खर्च केला म्हणून गोळ्या बंद केल्या, तर रुग्णाचे नुकसान होते. गोळ्यांनी मळमळ, बद्धकोष्ठ किंवा काळी शौच होत असेल तर आरोग्यसेविकेला सांगा. काळी शौच होणे अपेक्षित असते. बाकीच्या त्रासावर वेळ किंवा गोळी बदलून उपाय करता येतो.

रक्तक्षयाची कारणेही वेगवेगळी असतात: जंत, पाळीतील जास्त रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे, हिवताप, बी-१२ची कमतरता आणि सिकलसेल. कारण न शोधता फक्त आहार वाढवून भागत नाही.

रस्सा कोणाला, तुकडे कोणाला?

अनेक घरांत मटण शिजले की तुकडे मोठ्या माणसांच्या आणि पाहुण्यांच्या ताटात जातात. मुलांना व घरातल्या बाईला रस्सा मिळतो. ‘सगळा कस रश्शात उतरतो’ अशी समजूत त्यामागे आहे. प्रत्यक्षात प्रथिने, लोह आणि जस्त बहुतांशी तुकड्यांतच राहतात. रश्शात पाणी, मीठ, तिखट, तेल आणि वितळलेली चरबी अधिक असते. पायाच्या सूपचेही तसेच आहे. ते चवीला छान, गरम आणि आजारी माणसाला प्यायला सोपे असते, पण त्यातून लोह किंवा कॅल्शियम फारसे मिळत नाही.

ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे, म्हणजे गरोदर किंवा अंगावर पाजणारी आई, वयात येणारी मुलगी आणि लहान मूल, त्यांच्या ताटात आधी तुकडे वाढा. बोकड कुठे चरला यापेक्षा या एका सवयीने घरातल्यांच्या रक्तावर जास्त परिणाम होईल.

सिकलसेलच्या रुग्णांसाठी

नंदुरबार जिल्ह्यात भिल्ल, पावरा, कोकणी आदी समाजांत सिकलसेल आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे आणि तिच्यात आदिवासी भागांतील तपासणीवर भर आहे.

या आजारात रक्त कमी होण्याचे कारण वेगळे आहे. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेल आजारातील पेशी बहुधा १० ते २० दिवसांतच फुटते. फुटलेल्या पेशीतले लोह शरीरातच राहते आणि पुन्हा वापरले जाते. म्हणजे हिमोग्लोबिन ७ किंवा ८ असले तरी लोह कमी असेलच असे नाही. ज्यांना वारंवार रक्त चढवले आहे, त्यांच्या शरीरात तर लोह साठत जाते आणि यकृत व हृदयाला इजा करू शकते.

म्हणून पुढील गोष्टी पाळा:

- मटण, अंडी, मासे नेहमीच्या प्रमाणात जरूर खा. सिकलसेलच्या रुग्णाला प्रथिनांची आणि ऊर्जेची गरज जास्त असते.
- ‘रक्त वाढावे’ म्हणून रोज कलेजी खाऊ नका. कलेजीत मटणाच्या दुपटीहून अधिक लोह असते.
- लोहाच्या गोळ्या किंवा टॉनिक मनाने सुरू करू नका. फेरिटिन ही रक्ततपासणी करून डॉक्टर ठरवतील.
- डॉक्टरांनी दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी आणि हायड्रॉक्सियुरिया नियमित घ्या. कोणतेही मटण त्यांची जागा घेऊ शकत नाही.
- वारंवार रक्त चढवावे लागत असेल तर आहारातील लोहाबद्दल डॉक्टरांना स्वतंत्रपणे विचारा.

फक्त वाहक असलेल्या व्यक्तीची गोष्ट वेगळी आहे. वाहकाला लोहाची कमतरता झाली तर इतरांप्रमाणेच गोळ्या घ्याव्यात.

सिकलसेलच्या रुग्णांना आणखी एक धोका असतो. या आजारात प्लीहा लहान वयातच निकामी होऊ लागते आणि काही जंतूंशी लढण्याची ताकद घटते. अर्धकच्चे मांस, कोंबडी किंवा अंड्यातून येणारा साल्मोनेला हा जंतू इतरांना बहुधा जुलाब करून थांबतो, पण सिकलसेलच्या मुलाच्या हाडात जाऊन गंभीर संसर्ग करू शकतो. अशा घरात कच्चे किंवा अर्धवट उकडलेले अंडे आणि निखाऱ्यावर वरवर भाजलेले मांस मुलाला देऊ नये.

गरोदरपण आणि बाळंतपण

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असणे म्हणजे रक्तक्षय आणि ७ पेक्षा कमी असणे म्हणजे तातडीने रुग्णालयात उपचार घेण्याची स्थिती. आठवड्यातून एक-दोनदा पूर्ण शिजवलेले मटण, इतर दिवशी अंडे, मासे, डाळी आणि पालेभाज्या असा आहार चांगला.

कलेजीबाबत मात्र सावध राहा. तिच्यात जीवनसत्त्व अ फार जास्त असते. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत त्याचा अतिरेक गर्भाला घातक ठरू शकतो. गरोदर स्त्रीने कलेजी टाळावी आणि साधे मटण खावे.

बाळंतिणीला काही घरांत महिनाभर मटण, अंडी वर्ज्य असतात, तर काही घरांत फक्त तिखट रस्सा दिला जातो. दोन्हींची गरज नाही. बाळंतपणात रक्त गेलेले असते आणि अंगावर पाजायचे असते. पचेल तसे साधे शिजवलेले मटण किंवा अंडी पहिल्या आठवड्यापासून देता येतात. सिझेरियन झाले असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरुवात करा. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायच्या असतात.

लहान मुलांना कधी, कसे?

सहा महिने पूर्ण झाल्यावर वरच्या अन्नासोबत मांसाहार सुरू करता येतो. ६ ते २३ महिन्यांच्या बाळांना रोज अंडे, मासे किंवा मांस यांपैकी काही मिळावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ ची शिफारस आहे. रोज मटण कोणालाच परवडत नाही. अंडे हा सोपा मार्ग आहे, आणि अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून मुलांना मिळणारी अंडी मुलाच्या पोटात जातील एवढे पाहा.

मटण देताना मऊ शिजवून, तिखट न घालता, खिमा करून किंवा वाटून भातात कालवा. सुरुवात एका चमच्याने करा. हाडाचा तुकडा, कडक तुकडा किंवा मोठा घास देऊ नका, तो घशात अडकू शकतो. मूल अतिकुपोषित असेल, सुजलेले असेल किंवा खात नसेल तर घरी मटण देऊन वाट पाहू नका. त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात न्या.

कोणी बेताने खावे?

मांस चरलेल्या बोकडाचे असले तरी ते लाल मांसच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लाल मांसाला ‘कर्करोगास बहुधा कारणीभूत’ या गटात ठेवले आणि त्यात शेळीचे मांसही येते. निरोगी प्रौढाने शिजवलेले लाल मांस आठवड्याला साधारण ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवावे. डोंगरपाड्यांवरील बहुतेक कुटुंबे या मर्यादेच्या कितीतरी आत असतात, त्यांनी घाबरण्याचे कारण नाही. शहरात आठवड्यातून चार-पाचदा मटण खाणाऱ्यांनी मात्र विचार करावा.

- हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह: चरबी काढून टाकलेले मटण कमी प्रमाणात चालते. वरचा तेलाचा तवंग आणि मीठ कमी करा.
- मूत्रपिंडाचा आजार: प्रथिने किती घ्यायची हे डॉक्टर ठरवतात. त्यांना विचारल्याशिवाय वाढवू नका.
- गाऊट: कलेजी, गुर्दा, वजडी आणि घट्ट रस्सा टाळा.

रानातले जनावर निर्धोक असते का?

मोकळे फिरणाऱ्या शेळीला प्रतिजैविके आणि खाद्यातील औषधे कमी मिळतात, हा फायदा आहे. पण गोचीड, जंत आणि रानातले आजार तिला जास्त गाठतात. पोल्ट्रीलाही आजार सुटत नाहीत. २००६ मध्ये भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद नवापूरच्या कोंबड्यांत झाली होती. म्हणजे दोन्हीकडे धोके आहेत, फक्त त्यांचे प्रकार वेगळे.

- अचानक मेलेले जनावर खाऊ नका. नाका-तोंडातून रक्त येऊन मेलेल्या जनावराला काळपुळी झालेली असू शकते. ते सोलू नका, कापू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.
- गाभडलेल्या शेळीचा वार उघड्या हाताने उचलू नका आणि शेळीचे दूध उकळूनच प्या. ब्रुसेलोसिस हा आजार यातून होतो. आठवडेच्या आठवडे ताप, रात्री घाम आणि सांधेदुखी ही त्याची लक्षणे आहेत.
- कापल्यावर निघालेला कच्चा कोथळा कुत्र्यांना टाकू नका. त्यातून कुत्र्यात आणि कुत्र्यातून माणसात, विशेषतः यकृतात, पाण्याच्या गाठी करणारा जंत पसरतो. कोथळा खोल पुरा.
- गोचीड हाताने चिरडू नका. रक्तस्रावी तापाचा काँगो विषाणू गोचिडांतून आणि ताज्या रक्तातून पसरतो. शेजारच्या गुजरातमध्ये त्याचे रुग्ण आढळले आहेत.

घेताना आणि शिजवताना

मटण ताजे, ओलसर पण चिकट नसलेले आणि दुर्गंध नसलेले घ्या. आठवडी बाजारात उन्हात, माश्या बसत असलेल्या ठिकाणी सकाळपासून टांगलेले मटण दुपारी घेऊ नका. घरी आणल्यावर लगेच शिजवा. कच्च्या मांसाची सुरी-पाटी भाजी-भाकरीसाठी तशीच वापरू नका आणि हात साबणाने धुवा.

तुकडा आतून गुलाबी न राहता हाडापासून सहज सुटेपर्यंत शिजवा. रानात चरलेल्या बोकडाचे मांस घट्ट असते, त्याला वेळ जास्त लागतो. कुकर असेल तर काम सोपे होते. उरलेले मटण दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका. पुन्हा खाताना चांगली उकळी आणा.

रान टिकले तर शेळी टिकेल

चराईच्या मटणाचे आकर्षण फक्त तब्येतीचे नाही. शेळी हा पाड्यावरच्या बाईचा अडीअडचणीचा पैसा असतो, आणि जंगलातला पाला तिला फुकट मिळतो. पण कोवळी रोपे खाल्ली जात राहिली तर जंगल पुन्हा उगवत नाही. रोपवाटिकेचा भाग काही वर्षे चराईसाठी बंद ठेवणे, बांधावर सुबाभूळ-शेवरी लावणे, अर्धा दिवस गोठ्यात बांधून चारा देणे आणि लसीकरण व जंतनाशक वेळेवर देणे यामुळे रान आणि शेळी दोन्ही टिकतात. असा अर्धबंदिस्त बोकड आरोग्याच्या दृष्टीने रानातल्या बोकडापेक्षा कमी ठरत नाही.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?

- धाप लागणे, छातीत धडधड, पायावर सूज, डोळ्यांची आतली कड पांढरी पडणे
- सिकलसेलच्या रुग्णाला १०१ अंशांहून जास्त ताप, छातीत दुखणे, न थांबणारी हाडदुखी, अचानक पांढरेफटक पडणे किंवा डाव्या बरगडीखाली पोट फुगणे
- मांस खाल्ल्यावर रक्ताचे जुलाब, सतत उलट्या, लघवी कमी होणे
- जनावरे हाताळणाऱ्यास आठवड्याहून जास्त ताप किंवा अंगावर न दुखणारी काळी खपली असलेली जखम

गाडीची सोय नसेल तर १०८ वर फोन करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही मांस खात नाही. रक्त कसे वाढेल?
डाळी, मोड आलेली कडधान्ये, बाजरी, पालेभाज्या यांसोबत लिंबू, आवळा किंवा पेरू खा. दूध-दही नियमित घ्या. बी-१२ची तपासणी करून गरज असल्यास गोळी किंवा इंजेक्शन घ्या.

गावठी अंडे पोल्ट्रीच्या अंड्यापेक्षा पौष्टिक असते का?
पिवळा बलक गडद असतो तो खाद्यामुळे. प्रथिने जवळपास सारखीच. जे मिळेल ते पूर्ण उकडून खा.

हिमोग्लोबिन वाढले. आता गोळ्या बंद करू का?
नाही. शरीरातला लोहाचा साठा भरायला आणखी काही महिने लागतात. किती दिवस घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारा.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. सिकलसेल, गरोदरपण, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असल्यास आहारात बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.